वाचकांचे प्रश्न : काच तापते तेव्हा

या खेपेला आलेल्या प्रश्नांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. पत्रात तापमान नेमकं दिलेलं असतं, पण काच त्या तापमानावर किती वेळ होती आणि तिथवर कोणत्या वेगानं गेली, हे गाळलेलं असतं. काचेचं निदान करायला हे दोन आकडे लागतातच. पुढच्या वेळी लिहिताना ते जरूर कळवा.

प्रश्न : नळीभट्टीत क्वार्ट्झ काचेची नळी वापरतो. भट्टी ११०० अंश सेल्सियसवर चालते. काही महिन्यांत नळीवर पांढरे डाग पडले आणि आता पापुद्रे सुटताहेत. गंमत म्हणजे डागांचा आकार बोटांच्या ठशांसारखा आहे. नळी खराब निघाली का?

नळी बहुधा चांगली होती आणि ते डाग खरोखरच बोटांचे ठसे आहेत.

शुद्ध सिलिकाच्या काचेत प्रत्येक सिलिकॉन अणूभोवती चार ऑक्सिजन असतात आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनना जोडतो. असं सलग, पण शिस्त नसलेलं जाळं असतं. काचेचं हे चित्र झकारियासेननं १९३२ साली मांडलं आणि आजही कामाला येतं. हे जाळं इतकं घट्ट असतं की ११०० अंशांवरही अणूंना जागा बदलून स्फटिकाच्या रांगेत बसणं अवघड जातं. घामातलं मीठ पृष्ठभागावर राहिलं, की त्यातलं सोडियम जाळ्यात शिरून सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन हे पूल तोडतं. तेवढ्या जागी काच मऊ पडते, अणूंना हालचाल करता येते आणि क्रिस्टोबलाइट हा स्फटिक वाढू लागतो. तुम्हाला दिसतो तो पांढरा डाग म्हणजे हाच.

भट्टी गरम असेपर्यंत या थराचा फारसा त्रास होत नाही. दुखणं सुरू होतं ते थंड करताना. साधारण २७० ते २०० अंशांच्या दरम्यान क्रिस्टोबलाइटची रचना एकदम बदलते आणि त्याचं आकारमान चार-पाच टक्क्यांनी घटतं. खालची काच मात्र जवळपास आकसतच नाही, तिचा प्रसरण गुणांक अंशामागे दशलक्षांश ०.५५ एवढाच असतो. मग थर तडकतो आणि पापुद्रे सुटतात. दर वेळी भट्टी बंद केली की नवे तडे.

उपाय असे. नवी नळी हातमोजे घालूनच हाताळा. बसवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि विआयनित (क्षार काढून टाकलेल्या) पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा. नळाचं पाणी नको, वाळल्यावर त्यातले क्षार जागेवरच राहतात. नळीला टेकणारी इन्सुलेशनची लोकर आणि आत सरकवायच्या नावा, म्हणजे नमुना ठेवायची होडीच्या आकाराची भांडी, यांतूनही सोडियम येतं, त्यांच्याकडेही लक्ष असू द्या. सोडियमयुक्त नमुने उघड्या नळीत भाजायचेच असतील तर आत ॲल्युमिनाची नळी घाला. सध्याची नळी आणखी काही दिवस चालवायची असेल, तर दोन कामांच्या मध्ये भट्टी ३०० अंशांखाली उतरू देऊ नका. वीज थोडी जास्त जाईल, नळी मात्र टिकेल. घासून डाग काढण्याच्या फंदात पडू नका. खरवडलेला पृष्ठभाग आणखी लवकर पांढरा होतो.

प्रश्न : नव्या काचेचा डीएससी आलेख (तापवताना नमुना किती उष्णता घेतो किंवा सोडतो याचा) काढला. मिनिटाला ५ अंश या वेगानं स्फटिकीकरणाचं शिखर ६४० अंशांवर आलं, २० अंशांच्या वेगानं ६६८ वर. दोन्ही वेळा नमुना एकाच तुकड्यातला. खरा आकडा कोणता? आणि काच-संक्रमणाच्या, म्हणजे कडक काच मऊ होऊ लागते तिथल्या, पायरीनंतर एक छोटा खड्डा दिसतो, तो कशाचा?

दोन्ही खरे. वितळणबिंदू पदार्थाचा असतो, स्फटिकीकरणाचं शिखर हे पदार्थ आणि वेग या दोघांचं मिळून. स्फटिक वाढायला वेळ लागतो. तुम्ही घाईनं तापवलं तर ती वाढ पूर्ण होईपर्यंत भट्टी पुढे निघून गेलेली असते. म्हणून वेगाशिवाय दिलेलं शिखराचं तापमान अर्धवटच समजायचं.

हा फरक वाया घालवू नका, त्यातूनच सक्रियण ऊर्जा, म्हणजे स्फटिकीकरणाला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडथळा, काढता येते. किसिंजर या संशोधकाची १९५७ सालची पद्धत सोपी आहे: वेगाला शिखराच्या तापमानाच्या वर्गानं भागायचं, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम उभ्या अक्षावर आणि तापमानाचा व्यस्त आडव्या अक्षावर मांडायचा. रेषेचा उतार गुणिले ८.३१४, चिन्ह सोडून, म्हणजे ऊर्जा. तापमान केल्विनमध्येच हवं, सर्वांत जास्त चुका इथेच होतात. तुमचे आकडे ९१३ आणि ९४१ केल्विन. लॉगरिदम येतात उणे १२.०२ आणि उणे १०.७०, व्यस्तांमधला फरक ०.००००३२६. उत्तर मोलमागे सुमारे ३४० किलोज्यूल. सिलिकेट काचेसाठी हा आकडा पटण्याजोगा आहे, पण दोन बिंदूंतून रेषा नेहमीच सरळ जाते. ५, १०, १५ आणि २० असे निदान चार वेग घ्या. रेषा वाकली तर तापताना यंत्रणा बदलते आहे असं समजा आणि एकच ऊर्जा छापू नका.

प्रत्येक वेगासाठी उपकरणाचं अंशांकन (माहीत असलेल्या वितळणबिंदूंशी पडताळणी) वेगळं करावं लागतं, कारण नमुना आणि तापमान मोजणारं थर्मोकपल यांच्या तापमानांतलं अंतरही वेगाबरोबर वाढतं. इंडियम १५६.६, झिंक ४१९.५, ॲल्युमिनियम ६६०.३ आणि सोनं १०६४.२ अंशांना वितळतं. तुमच्या पट्ट्यात बसतील ते दोन-तीन घ्या. हे न करता काढलेल्या २८ अंशांच्या फरकात उपकरणाचेही काही अंश मिसळलेले असतात आणि ऊर्जा कमी निघते.

आता खड्डा. संक्रमणाच्या पायरीनंतरचा तो उष्णताशोषी खड्डा काचेचा पूर्वेतिहास सांगतो. नमुना मुळात जितका सावकाश थंड झालेला किंवा संक्रमणाखाली जितका वेळ पडून राहिलेला, तितका खड्डा खोल. तुलना करायची असेल तर हा इतिहास पुसून घ्या: संक्रमणाच्या ३० अंश वर न्या, मोजणीच्याच वेगानं खाली आणा आणि मग दुसऱ्या फेरीतला आकडा घ्या. अट एकच, पहिल्या फेरीत स्फटिकीकरण सुरू होता कामा नये. ते झालं तर दुसऱ्या फेरीत तुम्ही उरलेल्या काचेचं संक्रमण मोजाल, आणि तिची घटना, म्हणजे घटकांचं प्रमाण, आता वेगळी असते.

आलेख हातात आहेच, तर आणखी एक चाचणी करून टाका. तीच काच दळून चाळा: एक भाग ४५ मायक्रॉनखालचा, दुसरा ४२५ ते ५०० मायक्रॉनचा. वजन सारखं, म्हणजे प्रत्येकी १५-२० मिलिग्रॅम, आणि वेगही सारखा. भरड भागाचं शिखर खूप पुढे सरकलं आणि बसकं झालं, तर स्फटिक पृष्ठभागापासून सुरू होताहेत. दोन्ही शिखरं जवळपास एकाच जागी असतील तर ते आतूनच उगवताहेत. यासाठी प्लॅटिनम किंवा ॲल्युमिनाच्या ताटल्या घ्या. ॲल्युमिनियमच्या ताटल्या फ्लोराइड आणि चाल्कोजेनाइड काचांपुरत्या ठीक, ६०० च्या वर त्यांचा भरवसा नाही.

प्रश्न : लिथियम डायसिलिकेटची काच-सिरॅमिक (काचेतच स्फटिक वाढवून केलेली वस्तू) बनवायची आहे. काच चांगली पारदर्शक उतरली. ती सरळ ८५० अंशांवर नेली तर वर पांढरी साय आली, मधे तडा गेला आणि कडा वाकल्या. तापमान कमी हवं होतं का?

वाट चुकली. ८५० पर्यंत तुम्ही फार लवकर पोचलात.

काचेतून स्फटिक मिळवताना दोन कामं वेगवेगळ्या तापमानांना होतात. आधी सूक्ष्म स्फटिकबीजं तयार व्हावी लागतात आणि मग ती वाढावी लागतात. या काचेचं संक्रमण ४५५ अंशांच्या आसपास आहे आणि बीजं सर्वांत वेगानं तयार होतात तीही साधारण तिथेच. त्या तापमानाला वाढ मात्र जवळपास शून्य. वाढ जोर धरते ती याच्या बरीच वर, आणि तिथे नवी बीजं जन्मत नाहीत. तुम्ही बीजांचा पट्टा काही मिनिटांत ओलांडलात. आत बीजं नाहीत, पृष्ठभागावर ओरखडे आणि धूळ आहे, म्हणून स्फटिक वरून आत सुयांसारखे वाढत गेले. तीच तुमची साय. स्फटिकाची घनता २.४५ आणि काचेची २.३५, म्हणजे स्फटिक झालेला भाग सुमारे चार टक्के आकसतो. बाहेरचं कवच आकसलं आणि आत मऊ काच होती, तडा आणि वाकलेल्या कडा दोन्ही त्यातूनच.

१०० ग्रॅम काचेसाठी लिथियम कार्बोनेट ४९.२ ग्रॅम आणि सिलिका ८०.१ ग्रॅम घ्या. तापताना यातून २९ ग्रॅमहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो आणि मिश्रण फसफसून उतू जातं, म्हणून मुशीत थोडंथोडं, चार-पाच हप्त्यांत टाका. १३५० ते १४०० अंशांवर दोन तास. मूस प्लॅटिनमची. ॲल्युमिनाच्या मुशीतून ॲल्युमिना विरघळून काचेत येतो आणि मग तुम्ही दुसऱ्याच काचेचा अभ्यास करत बसता. ओतल्यावर ताण काढण्यासाठी काच ४३० अंशांच्या जवळपास ठेवा, वेळ बेताचा. लोक इथे हमखास फसतात. नेहमीच्या सवयीनं ही काच संक्रमणाच्या तापमानावर रात्रभर ठेवली, तर ताणमुक्तीच्या नावाखाली बीजरोपण होऊन बसतं आणि दोन घाणांचे निकाल कधीच जुळत नाहीत.

पुढे ४५५ अंशांवर तीन ते पाच तास. त्यानंतर मिनिटाला २-३ अंशांनी ६५० पर्यंत आणि तिथे एक तास. मधला वेग कमी ठेवायचं कारण असं, की काच मऊ होत जाताना आकार सांभाळायला स्फटिकांचा सांगाडाही त्याच गतीनं उभा राहावा लागतो. शिवाय स्फटिकीकरणातून उष्णता बाहेर पडते. जाड नमुना आतून भट्टीच्या आकड्यापेक्षा जास्त तापलेला असू शकतो.

हा सगळा विषय एका बिघाडातून उभा राहिला. १९५३ साली कॉर्निंग या काच कंपनीच्या प्रयोगशाळेत डोनाल्ड स्टूकी यांनी चांदीचे सूक्ष्म कण असलेल्या लिथियम सिलिकेट काचेची पट्टी ६०० अंशांसाठी भट्टीत ठेवली. नियंत्रक अडकला आणि भट्टी ९०० वर गेली. पट्टी वितळून पसरायला हवी होती, ती पांढरी होऊन आकारात उभी होती, आणि चिमट्यातून निसटून पडली तरी फुटली नाही. चांदीच्या कणांनी बीजांचं काम केलं होतं. तुमच्या साध्या काचेत असा मदतनीस नाही, म्हणून ४५५ वरचा थांबा टाळता येत नाही. थोडं फॉस्फरस पेंटॉक्साइड घातलं तर बीजरोपण बरंच सोपं होतं.

प्रश्न : दातांच्या कॅपसाठी येणारे लिथियम सिलिकेटचे ठोकळे निळसर-जांभळे का असतात? ते थेट दाताच्या रंगाचे का विकत नाहीत?

पूर्ण मजबूत ठोकळा कापताना हिऱ्याची हत्यारं झिजतात आणि कॅपच्या पातळ कडा तुटतात, म्हणून. ठोकळ्यात लिथियम मेटासिलिकेटचे स्फटिक साधारण ४० टक्के असतात आणि ताकद १३० मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे कापायला सोयीची. कापून झाल्यावर ८४० ते ८५० अंशांच्या भाजणीत मेटासिलिकेट जाऊन डायसिलिकेटचे एकमेकांत गुंतलेले लांबट स्फटिक येतात, सुमारे ७० टक्के. ताकद ३६० मेगापास्कलपर्यंत जाते आणि रंग देणाऱ्या आयनांची अवस्था बदलून दाताची छटा येते. भाजणीत आकसणं अवघं ०.२ टक्के असतं. भाजल्यावरही निळसर छटा उरली असेल तर रंगकाम करू नका, आधी भट्टीचं तापमान तपासा. भाजणी अपुरी झालेली असते, आणि ताकदही.

प्रश्न : जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या काचा खाली जाड असतात. काच शतकानुशतकं वाहते म्हणूनच ना?

नाही. त्या काळी तावदानाची जाडी मुळातच असमान यायची. मध्ययुगीन काचेच्या घटनेवर केलेल्या मोजणीनुसार खोलीच्या तापमानाला तिची श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) १० च्या २४ व्या घाताहून जास्त पास्कल-सेकंद निघते. त्या हिशेबानं अब्ज वर्षांत वाहणं होईल एखाद्या नॅनोमीटरचं.

प्रश्न : ४५एस५ या जैवसक्रिय काचेची भुकटी दाबून ६५० अंशांवर भाजली. गोळी घट्ट होत नाही, खडूसारखी राहते. वेळ दुप्पट केला तरी फरक नाही.

वेळ वाढवून इथे काहीच मिळणार नाही. काचेची भुकटी घट्ट होते ती कण मऊ होऊन एकमेकांत वाहिल्यामुळे. या काचेत ते वाहणं सुरू होतं न होतं तोच स्फटिकीकरण गाठतं. सोडियम कॅल्शियम सिलिकेटचे स्फटिक कणांच्या पृष्ठभागावर उगवले की वाहणं थांबतं आणि पोकळ्या आहे तशा गोठतात.

मूळ कारण घटनेत आहे. वजनानं ४५ टक्के सिलिका, सोडियम ऑक्साइड आणि कॅल्शियम ऑक्साइड प्रत्येकी २४.५, फॉस्फरस पेंटॉक्साइड ६. सिलिका इतकी कमी की जाळं उरतच नाही, फक्त सिलिकेटच्या साखळ्या राहतात. १९६९ साली लॅरी हेंच या संशोधकानं ही काच हाडाशी जोडली जावी म्हणून घडवली आणि शरीरात ती लवकर विरघळते ती याच तुटक रचनेमुळे. पण साखळ्यांना रांगेत बसायला जाळ्याइतका अडथळा नसतो. जो गुण शरीरात हवा, तोच भट्टीत नडतो.

भुकटी अधिक बारीक करावी असं वाटेल, पण पृष्ठभाग वाढला की स्फटिकांना जागाही वाढते. फायदा-तोटा बराचसा फिटतो. दोन मार्ग उरतात. एक, स्फटिक होणार हे मान्य करून १००० ते १०५० अंशांपर्यंत जा. तिथे उरलेली काच पुन्हा वाहते आणि गोळीला ताकद येते. जैवसक्रियता मंदावते, जात नाही. दुसरा, काचच बदला. १३-९३ नावाच्या जैवसक्रिय काचेत सिलिका ५३ टक्के आहे आणि सोडियमचा बराच भाग पोटॅशियम आणि मॅग्नेशियमनं घेतलेला आहे. मिसळलेल्या घटकांमुळे स्फटिकाला एकसारखी रांग लावणं जड जातं, संक्रमण आणि स्फटिकीकरण यांतलं अंतर वाढतं आणि भुकटी काच राहूनच घट्ट होते. सच्छिद्र सांगाडे करायचे असतील तर आमचं मत दुसऱ्या मार्गाच्या बाजूनं.

प्रश्न : बोरोसिलिकेटच्या उपकरणाला ज्योतीवर नवी नळी जोडली. सांधा स्वच्छ दिसत होता, दोन दिवस टेबलावर नुसता पडून होता आणि तिसऱ्या दिवशी आपोआप तडकला. ज्योतीनंच ताण काढला होता.

आत उरलेला ताण आणि हवेतली आर्द्रता, दोघांनी मिळून हे केलं. ताणाखाली असलेल्या सूक्ष्म चिरेच्या टोकाशी पाण्याचे रेणू सिलिकॉन-ऑक्सिजन बंध एकेक करून तोडत जातात. चीर तासातासानं पुढे सरकते आणि एका लांबीनंतर क्षणात धावते. ज्योतीनं फिरवून ताण कमी होतो, संपत नाही. सांध्याला भट्टी हवीच.

साधारण ८१ टक्के सिलिका आणि १३ टक्के बोरिक ऑक्साइड असलेल्या, अंशामागे दशलक्षांश ३.३ प्रसरणाच्या बोरोसिलिकेटसाठी ५६० अंशांवर अर्धा तास. मग ३ मिलिमीटर भिंतीला मिनिटाला ४ अंशांनी ४९० पर्यंत, तिथून पुढे जरा भरभर, आणि दार १०० च्या खाली आल्यावरच उघडायचं. उरणारा ताण वेगाच्या पटीत आणि जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे भिंत ६ मिलिमीटर असेल तर ४ चा वेग १ वर आणा. जाडी मोजायची ती सर्वांत जाड ठिकाणची, म्हणजे बहुतेक वेळा सांध्याचीच. ५६० च्या फार वर नेऊ नका: नळ्या स्वतःच्या वजनानं झुकतात आणि जमिनीला टेकलेल्या जागी ठसा उमटतो.

ताण गेला की नाही हे बघायला महागडं यंत्र लागत नाही. एलसीडी मॉनिटरवर पूर्ण पांढरा पडदा लावा, त्याचा प्रकाश ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो. समोर काच धरा आणि ध्रुवक फिल्टरमधून पाहा. फिल्टर फिरवून पडदा काळा करा. काळ्यावर सांध्याभोवती उजळ पट्टे दिसले तर ताण आहे, वस्तू परत भट्टीत.

भट्टीत जाऊन आल्यावरही पट्टे तसेच असतील, तर जोडलेली नळी बोरोसिलिकेट नसावी. सोडा-लाइम काचेचं प्रसरण अंशामागे दशलक्षांश ९ च्या आसपास असतं, बोरोसिलिकेटचं ३.३. हा विरोध कितीही सावकाश थंड केलं तरी मिटत नाही. ओळखायचं असं: नळीचा तुकडा ग्लिसरीनच्या भांड्यात बुडवा. ग्लिसरीन आणि बोरोसिलिकेट दोघांचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचा अंक) १.४७ च्या जवळ असल्यानं बोरोसिलिकेटच्या कडा दिसेनाशा होतात. सोडा-लाइमचा १.५२, त्याच्या कडा स्पष्ट दिसत राहतात. ग्लिसरीन शुद्ध हवं. पाणी मिसळलेलं असेल तर त्याचा अंक उतरतो आणि बोरोसिलिकेटही दिसू लागतं.